समुद्रांतील सुळके आणि पहाटेचा प्रकाश

सूर्योदय पाहण्याची हौस आपल्या समाजास नवीन नाहीं. अर्घ्यासाठीं पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या पिढ्या आपल्या घरांतून होऊन गेल्या. कन्याकुमारीस गेलेला यात्रेकरू देवीच्या दर्शनाइतकाच सूर्योदयासाठींहि थांबतो. आणि महाबळेश्वरास पहाटे शाली पांघरून एखाद्या 'पॉइंट'वर कुडकुडत उभीं असलेलीं कुटुंबें कोणीं पाहिलीं नाहींत? मात्र आपण पश्चिम किनाऱ्याचे लोक. समुद्रावरचा सूर्य आपल्या ओळखीचा तो बुडतांनाचा. कोंकणांत सूर्य सह्याद्रीच्या बाजूनें वर येतो, आणि समुद्राकडे तोंड करून उभे असलेले कडे सकाळीं बराच वेळ सावलींत असतात. त्यामुळें पहाटेचा पहिला प्रकाश समुद्रांतील खडकांवर पडतो तेव्हां काय दिसतें, आणि तें छायाचित्रांत कसें धरावें, हा विषय आपणांपैकीं पुष्कळांस अपरिचित असावा. प्रत्यक्ष पाहिलेल्या एका स्थळाच्या आधारें तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्हीं उभयतांनीं कांहीं महिने तेथें काढले. त्यास छायाचित्रणाचें वेड आहे; आणि वेड असलेल्या मनुष्याच्या सहवासांत राहिलें म्हणजे त्याचा थोडाफार संसर्ग होतोच. मेलबर्नपासून समुद्रकांठच्या रस्त्यानें गेल्यास सुमारें २७५ किलोमीटरांवर, पोर्ट कॅम्पबेल या लहानशा गांवाच्या थोडें अलीकडे, किनाऱ्यालगत समुद्रांत चुनखडीचे उंच सुळके उभे आहेत. ते पाहण्यास जगांतून लोक येतात. ज्या रस्त्यानें तेथें जावयाचें त्याचाहि इतिहास ऐकण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धांतून परत आलेल्या सैनिकांनीं, रणांत पडलेल्या आपल्या सोबत्यांचें स्मारक म्हणून, १९१९ पासून १९३२ पर्यंत खपून तो बांधला. कुदळी, फावडीं आणि सुरुंग यांच्या साह्यानें डोंगराच्या कडेवर कोरलेला हा रस्ता मृतांच्या नांवानें जिवंतांच्या उपयोगी पडत आहे. दगडी स्तंभ उभारण्यापेक्षां ही कल्पना मला तरी अधिक आवडली.

या सुळक्यांस इंग्रजींत 'ट्वेल्व्ह अपॉसल्स', म्हणजे ख्रिस्ताचे बारा शिष्य, असें म्हणतात. त्यापूर्वीं त्यांस 'डुकरीण आणि तिचीं पिलें' अशा अर्थाचें नांव होतें. पुढें हें भारदस्त नांव रूढ झालें. गंमत अशी कीं, सुळके बारा कधींच नव्हते. नऊच मोजीत, आणि आतां तितकेहि उरलेले नाहींत. परंतु नांवें ठेवण्याच्या बाबतींत मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. आपल्याकडे डोंगरांत कोरलेलें लेणें दिसलें कीं तें पांडवांचें ठरतें. मग तेथें पांच खोल्या असोत वा नसोत!

सुळके कसे झाले?

भूगोल शिकवितांना 'कडा, गुहा, कमान, सुळका' या क्रमानें चार आकृति मीं कित्येक वर्षें फळ्यावर काढल्या. त्या चारी अवस्था एकाच किनाऱ्यावर, कांहीं मैलांच्या आंत, खऱ्याखुऱ्या उभ्या असलेल्या येथें दिसतात. हा प्रदेश एके काळीं समुद्राच्या तळाशीं होता. सुमारें एक-दीड कोटी वर्षांपूर्वीं, मायोसीन नांवाच्या कालखंडांत, असंख्य सागरी जीवांचीं कवचें व सांगाडे त्या तळावर थरावर थर सांचत गेले, आणि त्यांची चुनखडी बनली. पुढें भूमि उचलली गेली व समुद्राची पातळी उतरली, तेव्हां हे थर उघडे पडले. आज किनाऱ्याचा कडा सुमारें सत्तर मीटर उंच आहे आणि त्यावर आडव्या रेघा वहीच्या पानावर आखल्यासारख्या स्पष्ट दिसतात.

चुनखडी हा मऊ दगड. त्यावर आदळणाऱ्या लाटा मात्र मऊ नाहींत. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या या लाटांस अंटार्क्टिका खंडापर्यंत वाटेंत भूमीचा अडथळा असा नाहींच. हजारों मैलांच्या मोकळ्या समुद्रावर वाऱ्यानें वाढविलेलें बळ घेऊन त्या येतात. भूमीचें जें टोंक समुद्रांत पुढें आलेलें असेल त्याच्या दोन्ही कुशींत त्या प्रथम गुहा कोरतात. दोन्ही बाजूंच्या गुहा एकमेकींस मिळाल्या कीं आरपार कमान होते. कमानीचें छत एके दिवशीं कोसळतें, आणि भूमीपासून तुटलेलें टोंक समुद्रांत एकटें उभें राहतें. तोच सुळका. यांतील सर्वांत उंच सुळके पंचेचाळीस मीटरांच्या घरांत आहेत. म्हणजे आपल्या शहरांतील पंधरा मजल्यांच्या इमारतीएवढे. त्यांचा पायथा वर्षास सरासरी दोन सेंटिमीटर झिजतो असा अंदाज सांगतात. बोटाच्या पेराएवढी ही झीज कोणाच्या डोळ्यांस दिसावी? परंतु पायथा पेरापेरानें झिजतो, आणि माथा मात्र एकदम खालीं येतो.

जें पडलें त्याची नोंद

या पडझडीच्या कांहीं तारखा नोंदलेल्या आहेत. याच किनाऱ्यावर दोन कमानींचा एक खडक होता. त्यास 'लंडन ब्रिज' म्हणत. लोक त्यावरून चालत अगदीं टोंकापर्यंत जात. १५ जानेवारी १९९० रोजीं किनाऱ्याकडील कमान अकस्मात् कोसळली. त्या वेळीं दोन प्रवासी पलीकडच्या टोंकावर होते. पूल गेला आणि ते समुद्राच्या मध्यें उभ्या असलेल्या खडकावर अडकून पडले. शेवटीं हेलिकॉप्टरनें त्यांस सोडवून आणावें लागलें. दैव बलवत्तर म्हणून कोणास इजा झाली नाहीं. ३ जुलै २००५ रोजीं बारा शिष्यांपैकीं एक, सुमारें पन्नास मीटर उंचीचा सुळका, कांहीं क्षणांत ढिगारा होऊन पाण्यांत बसला, आणि नवाचे आठ राहिले. २००९ च्या जून महिन्यांत जवळच्याच लॉक आर्ड नांवाच्या खाडीच्या तोंडाशीं असलेली कमान पडली. तिच्या जागीं दोन वेगवेगळे खांब उरले.

या तारखा मीं मुद्दाम दिल्या आहेत. आपण डोंगर-समुद्रास अचल, शाश्वत अशीं विशेषणें लावतों. काव्यांत तीं शोभतातहि. पण १९८९ सालीं ज्या दांपत्यानें त्या दुहेरी कमानीचें छायाचित्र काढलें असेल, त्यांच्या घरांत आज अशा एका वस्तूचें चित्र आहे जी पृथ्वीवर उरलेली नाहीं. चित्र काढतांना त्यांस ही कल्पना असण्याचें कारण नव्हतें. म्हणून या किनाऱ्यावर काढलेलें छायाचित्र म्हणजे केवळ सौंदर्याचें स्मरण नव्हे. त्या दिवशीं, त्या घटकेस, ती वस्तु तेथें तशी होती याची ती साक्ष आहे. पहाटेचा प्रकाश कां हवा, हेंहि या दृष्टीनें पाहिलें म्हणजे नीट समजतें.

पहाटच कां?

दुपारीं सूर्य डोक्यावर असतां त्या चुनखडीवर सर्वत्र सारखाच लख्ख उजेड पडतो. डोळे दिपतात, पण दगडाचा पोत कळत नाहीं. सकाळीं किरण तिरपे येतात; त्यामुळें प्रत्येक थराची कड, प्रत्येक खांच, पावसाच्या पाण्यानें पाडलेली प्रत्येक पन्हळ यांची बारीक सावली पडते, आणि खडकाचें अंग उठून दिसतें. भिंतीचा खडबडीतपणा पाहण्यास गवंडी दिवा बाजूनें धरतो, तसाच हा प्रकार. शिवाय क्षितिजाजवळच्या सूर्याचे किरण वातावरणाच्या दाट थरांतून लांबचा प्रवास करून येतात. वाटेंत निळा अंश विखुरला जातो आणि तांबूस-पिवळा अंश तेवढा पोंचतो. दुपारीं पांढुरका दिसणारा दगड त्या वेळीं मधाच्या रंगाचा होतो.

दिशेचा विचार मात्र तेथें आपल्या संवयीप्रमाणें करून चालत नाहीं. तो देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. सूर्य पूर्वेसच उगवतो, परंतु माथ्यावर येतांना उत्तरेकडून फिरतो. जून महिना हा तेथील ऐन हिवाळा. त्या वेळीं सूर्य पूर्वेच्या सुमारें तीस अंश उत्तरेस, म्हणजे जमिनीच्या बाजूनें, वर येतो. कड्याची सावली वाळूवर आणि सुळक्यांच्या पायथ्यावर पडलेली असते. मग देवळाच्या कळसावर आधीं ऊन्ह यावें व तें हळूहळू सभामंडपावर उतरावें, तसें प्रथम सुळक्याचें डोकें उजळतें आणि प्रकाश एकेक थर मोजीत खालीं येतो. डिसेंबरांत, तेथील उन्हाळ्यांत, सूर्य पूर्वेच्या तितकाच दक्षिणेस उगवतो. किनाराहि साधारण त्याच दिशेस पसरलेला असल्यामुळें किरण कड्यांच्या अंगाला घासून जातात. ऋतु बदलला कीं चित्रच बदलतें.

संधिप्रकाशाचा हिशेबहि वाचकांस मनोरंजक वाटेल. सूर्य क्षितिजाखालीं सहा अंशांपर्यंत असतो तोंवर दिव्यावांचून साधारण सर्व दिसतें. हा काळ कोंकणांत वसंतसंपाताच्या सुमारास बावीस मिनिटांच्या आसपास भरतो. म्हणजे आपल्या एका घटकेहून, चोवीस मिनिटांहून, किंचित् कमी. पोर्ट कॅम्पबेल येथें, सुमारें साडेअडतीस अंश दक्षिण अक्षांशावर, तोच काळ सव्वीस मिनिटांचा, आणि अयनान्तांच्या सुमारास तीस मिनिटांचा होतो. कारण तेथें सूर्य क्षितिजाशीं अधिक तिरकस मार्गानें वर चढतो. आपल्या धर्मशास्त्रानें सूर्योदयापूर्वींच्या चार घटकांस अरुणोदय ही संज्ञा दिली आहे. छायाचित्रकारास त्यांतील शेवटच्या दोन घटका कामाच्या. पण त्या सांपडाव्यात म्हणून पहिल्या दोन अंधारांत, थंडींत, उभें राहून काढाव्या लागतात!

कॅमेऱ्याचें काम

आम्हीं गेलों तेव्हां पुतण्यानें सूर्योदयाच्या दीड तास आधीं गाडी काढली. मीं विचारलें, "अरे, इतक्या लौकर जाऊन अंधारांत काय दिसणार?" तो म्हणाला, "काका, सूर्य उगवेल तेव्हां आपलें निम्में काम होऊन गेलेलें असेल. तुम्ही नुसते पश्चिमेकडे पाहत राहा." सूर्योदयासाठीं आलेल्या मनुष्यास पश्चिमेकडे पाहावयास सांगणें हें मला चमत्कारिक वाटलें, परंतु त्याचें म्हणणें बरोबर होतें. पूर्व उजळूं लागली तसा पश्चिमेस क्षितिजालगत एक करडा-निळसर पट्टा दिसूं लागला, आणि त्याच्या वर गुलाबी रंगाची कड. तो करडा पट्टा म्हणजे दुसरें कांहीं नसून खुद्द पृथ्वीची छाया. चंद्रग्रहणाचे वेळीं जी छाया चंद्रावर पडते, तीच येथें वातावरणावर पडलेली असते, आणि सूर्य जसजसा वर येतो तसतशी ती खालीं बुडत जाते. ही छाया आपल्या गच्चीवरूनहि स्वच्छ आकाशांत दिसते; वाचकांनीं एखादे दिवशीं अवश्य पाहावी. त्या गुलाबी कडेच्या पार्श्वभूमीवर सुळके अगदीं मंद, सावलीवांचूनच्या प्रकाशांत उभे होते. नंतरच्या झगमगाटापेक्षां मला तेंच दृश्य अधिक मोलाचें वाटलें.

पूर्वेच्या बाजूस वेगळाच देखावा. गिब्सन स्टेप्स नांवाच्या, कड्यांत खोदलेल्या पायऱ्यांच्या बाजूस दोन सुळके आहेत. त्यांस गॉग आणि मेगॉग म्हणतात. त्यांच्यामागें आकाश पेटलेलें असल्यामुळें ते केवळ काळ्या आकृति दिसतात. म्हणजे एकाच ठिकाणीं उभें राहून एका बाजूस खडकाचें अंग दिसतें, तर दुसऱ्या बाजूस नुसती बाह्यरेषा. कोणतें चित्र काढावयाचें हें आधीं ठरवावें लागतें. कारण प्रकाश दोघांसाठीं थांबत नाहीं.

कामांतील अडचणीहि सांगितल्या पाहिजेत. पहिली वाऱ्याची. उजेड मंद असल्यामुळें कॅमेऱ्याचा पडदा कांहीं सेकंद उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळांत तिपाई केसभर हालली तरी चित्र पुसट होतें. पुतण्या तिपाईखालीं आपली जड पिशवी अडकवून ठेवतो. दुसरी अडचण खाऱ्या तुषारांची. भिंगावर बसलेला मिठाचा थेंब कोरड्या फडक्यानें पुसला तर कांचेवर ओरखडा उठतो. म्हणून आधीं तो ओल्या, स्वच्छ कपड्यानें टिपावयाचा. तिसरी अडचण सर्वांत कठीण, ती आकाश आणि खडक यांच्या उजेडांतील अंतराची. आपला डोळा क्षणार्धांत दोहोंशीं जुळवून घेतो. कॅमेऱ्यास तें साधत नाहीं; आकाशाचा मेळ राखावा तर खडक काजळासारखा काळा होतो, आणि खडकाचा राखावा तर आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें पडतें.

ही अडचण छायाचित्रणाच्या कलेइतकीच जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे नांवाच्या फ्रेंच छायाचित्रकारानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचीं अप्रतिम छायाचित्रें काढलीं. त्या काळच्या कांचेवरील रसायन निळ्या प्रकाशास फारच लौकर भुलत असे. त्यामुळें समुद्र उमटेपर्यंत आकाश जळून गेलेलें असे. त्यानें कित्येक चित्रांत दोन निगेटिव्ह कांचा वापरल्या, एक समुद्राची व एक आकाशाची, आणि क्षितिजावर त्या जुळवून एकच चित्र छापलें. आज तेंच काम संगणक करतो. कमीअधिक उजेडाचीं दोन-तीन चित्रें घेऊन तीं एकत्र जुळवितात. पावणेदोनशें वर्षांच्या उंबरठ्यावरहि युक्ति तीच राहिली आहे.

सुंदर आणि खरें

येथें एका प्रश्नाचा विचार करावासा वाटतो. हल्लीं पहाटेच्या समुद्राचीं जीं चित्रें लोकप्रिय आहेत, त्यांत समुद्र दुधाच्या सायीसारखा गुळगुळीत दिसतो. कॅमेऱ्याचा पडदा तीस सेकंद किंवा त्याहूनहि अधिक वेळ उघडा ठेवला म्हणजे त्या अवधींत आलेल्या सर्व लाटा एकींत एक मिसळून त्यांचें धुकें होतें. अशीं चित्रें डोळ्यांस निववितात, यांत शंका नाहीं. पुतण्यानेंहि तशीं काढलीं. पण तीं पाहून माझ्या पत्नीनें जें विचारलें, त्यावर आम्हीं दोघेहि क्षणभर गप्प राहिलों. ती म्हणाली, "समुद्र इतका निजलेला असेल, तर मग हे खडक पडतात कशानें?"

प्रश्न मार्मिक होता. ज्या लाटेनें सुळका घडविला आणि जी त्यास पाडणार आहे, तीच लाट चित्रांतून पुसली गेली, तर खडकाची कथाच पुसली गेली असें म्हणावें लागेल. म्हणून दुसऱ्या खेपेस पुतण्यानें थोडें उजाडूं दिलें, आणि पडदा सेकंदाच्या पांचशेंव्या भागाइतकाच उघडून लाट फुटण्याच्या क्षणीं चित्र घेतलें. त्यांत सुळक्याच्या पायथ्याशीं उसळलेलें पाणी, त्याखालीं कोरली गेलेली खोबण, आणि वर आतां आधार सुटत चाललेला दगड हें सर्व स्पष्ट आलें आहे. तें चित्र पहिल्याइतकें मोहक नाहीं. पण एखाद्या मुलास हा किनारा समजावून सांगावयाचा असेल, तर मी तेंच पुढें करीन. मोहक चित्र काढूं नये असें माझें म्हणणें नाहीं. मात्र दहा मोहक चित्रांच्या बरोबर असें एक तरी चित्र असावें.

लॉक आर्डची पहाट

या किनाऱ्यावरील पहाटेची एक हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. इंग्लंडहून मेलबर्नकडे निघालेलें 'लॉक आर्ड' नांवाचें शिडाचें जहाज तीन महिन्यांचा प्रवास संपवून १ जून १८७८ रोजीं या भागांत आलें. जहाजावर ५४ माणसें होतीं. मुक्काम इतका जवळ आला होता कीं, उतारू सामानाची बांधाबांध मनांत करीत असतील. कप्तान केप ऑटवेच्या दीपगृहाच्या उजेडाची वाट पाहत होता. पण धुक्यामुळें कांहींच दिसेना. पहाटे चारच्या सुमारास धुकें विरलें तेव्हां दीपगृहाऐवजीं समोर कडे दिसले, तेहि अगदीं जवळ. वळण्यास वेळ उरला नव्हता. जहाज खडकावर आपटलें आणि थोड्याच मिनिटांत बुडालें. जून महिन्यांत तेथें सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे अरुणोदयासहि अजून बराच अवकाश होता.

५४ पैकीं ५२ माणसें गेलीं. वांचलीं तीं दोघेंच. टॉम पिअर्स नांवाचा जहाजावरील उमेदवार खलाशी आणि इव्हा कारमायकेल नांवाची तरुण मुलगी. दोघांचेंहि वय अठराच्या आसपास. टॉम उलट्या झालेल्या होडीच्या आधारानें एका अरुंद खाडींत लोटला गेला. वाळूवर पाय टेकल्यावर त्यास मुलीचा आक्रोश ऐकूं आला. तो पुन्हां त्या बर्फासारख्या पाण्यांत शिरला, तिला ओढीत किनाऱ्यावर घेऊन आला, एका गुहेंत ठेवलें, आणि मग कडा चढून मदत शोधावयास गेला. जवळच्या मळ्यावरील माणसें त्यास भेटलीं व दोघांचे प्राण वांचले. इव्हाचे आईबाप व भावंडें त्याच जहाजावर होतीं. तीं सर्व बुडालीं. त्या दोघांचा विवाह व्हावा अशी वर्तमानपत्रें वाचणाऱ्या लोकांची फार इच्छा होती. परंतु तसें झालें नाहीं. इव्हा कांहीं महिन्यांनीं आयर्लंडला परत गेली. त्या खाडीस आतां जहाजाचेंच नांव आहे, आणि २००९ सालीं जी कमान पडली म्हणून वर सांगितलें, तिच्या उरलेल्या दोन खांबांस टॉम आणि इव्हा अशीं नांवें देण्यांत आलीं आहेत.

त्या खाडींत मीं सकाळीं उभा होतों. समोर दोन्ही बाजूंस कडे, मध्यें वाळूची ओंजळ, आणि तोंडाशीं ते दोन खांब. ज्या प्रकाशाची आम्ही हौस म्हणून वाट पाहत होतों, तो त्या रात्रीं तीन तास आधीं मिळता तर बावन्न माणसें कदाचित् घरीं पोंचतीं.

दोन शब्द सावधगिरीचे

या हकीकतीनंतर सावधगिरीचे दोन शब्द अप्रस्तुत वाटणार नाहींत. कड्याच्या कांठावर उभ्या असलेल्या मनुष्यास आपल्या पायांखालीं काय आहे हें दिसत नाहीं. लाटांनीं खालचा भाग पोखरलेला असतो, आणि वर हिरवें गवत असलेली जागा पुष्कळदां नुसत्या पातळ छज्जासारखी पुढें आलेली असते. म्हणूनच तेथें कठडे घातले आहेत. तरीहि चांगलें चित्र मिळावें म्हणून कठडा ओलांडणारी तरुण मंडळी मीं पाहिली. 'लंडन ब्रिज'वरचे ते दोन प्रवासी तर कोणताहि नियम मोडून गेले नव्हते. रोज शेंकडों लोक जात त्याच वाटेनें ते गेले होते. मग जेथें कठडा घातला आहे तेथें तो ओलांडण्याचें धाडस कशास?

वाळूवर उतरावयाचें असेल तर भरती-ओहोटीचें वेळापत्रक आधीं पाहावें. ही शिस्त आपल्याकडेहि तितकीच लागू आहे. हरिहरेश्वरास प्रदक्षिणेची वाट कड्याच्या पायथ्यानें, समुद्राच्या अगदीं कडेनें जाते. भरतीचे वेळीं त्या वाटेनें जाऊं नये असें जुनीं माणसें बजावून सांगत आलीं आहेत. त्या सांगण्याकडे दुर्लक्ष करून प्राणास मुकलेल्यांच्या वार्ता आपण वाचतों. वडील माणसांचें प्रत्येक सांगणें जुनाट नसतें; कांहींच्या मागें समुद्राचा अनुभव असतो.

चित्राच्या पाठीवर

आतां शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा. आमच्या घरीं आजोबांच्या वेळचा एक फोटो आहे. अंगणांत बसलेलीं चौदा माणसें. त्याच्या पाठीवर शाईनें तिथि, शक आणि बसल्या क्रमानें नांवें लिहिलीं आहेत. त्या चार ओळींमुळें तो फोटो आज घराण्याचा दस्तऐवज झाला आहे. उलट, हल्लीं प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रांत हजारों चित्रें असतात आणि दहा वर्षांनीं 'हें कोठलें बरें?' असा प्रश्न पडतो. दिवस व घटका यंत्र स्वतःच नोंदून ठेवतें हें खरें. पण आपण कोठें उभे होतों, कोणत्या दिशेस पाहत होतों, भरती होती कीं ओहोटी, बरोबर कोण होतें, हें यंत्रास ठाऊक नसतें. शिवाय यंत्र बदललें कीं नोंदहि पुष्कळदां हरवते.

परत आल्यावर पुतण्याच्या चित्रांपैकीं बारा चित्रें मीं कागदावर छापून घेतलीं आणि प्रत्येकाच्या पाठीवर या पांच गोष्टी लिहून ठेवल्या. पुन्हां कोणी तेथें गेलें, तर त्याच जागीं उभें राहून, त्याच दिशेचें चित्र काढावयाचें असें घरांत ठरलें आहे. तसें केल्यानें कुटुंबाच्या सहलीचें स्मारक तर होईलच. पण त्या वर्षांत किनाऱ्याचें किती गेलें हेंहि दोन चित्रें शेजारीं ठेवतांच दिसेल. वाचकांनीं यासाठीं ऑस्ट्रेलियास जाण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवचा पार, नदीचा घाट, बंदराचा धक्का, कोंकणांतील एखादा कडा, यांचें दरवर्षीं एकाच दिवशीं, एकाच जागेवरून एक चित्र घेऊन पाठीवर तारीख लिहावी. खर्च थोडा, आणि मुलांस निरीक्षणाची संवय लागते.

२०१६ सालीं मेलबर्न विद्यापीठांतील संशोधकांनीं ध्वनिलहरींच्या साह्यानें समुद्राचा तळ मोजला असतां, किनाऱ्यापासून सुमारें सहा किलोमीटर दूर आणि पन्नास मीटर खोल पाण्यांत चुनखडीचेच पांच सुळके उभे असलेले आढळले. ते सुमारें साठ हजार वर्षांपूर्वींचे असावेत असा अंदाज आहे. त्या काळीं समुद्र खालीं होता आणि किनारा तेथें होता. पुढें पाणी वेगानें चढलें, आणि लाटांनीं पाडण्यापूर्वींच ते बुडाले, म्हणून कांहीं अंशीं टिकले. त्यांवर पडलेली पहाट कोणी पाहिली असेल तर त्याची नोंद नाहीं. आज जे पाण्याबाहेर आहेत त्यांची नोंद ठेवणें मात्र आपल्या हातीं आहे. आणि त्यासाठीं लागतो तो एक कॅमेरा, एक तिपाई, थोडी शाई, व पहाटे उठण्याचा निश्चय.